पोरांना पप्पा आठवावेत म्हणून काय करायचं? जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. थोरला भाऊ, वय ३६, सांगलीजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान, पहाटे छातीत जळजळायला लागलं, ॲसिडिटी असेल म्हणून सोडा प्यायला आणि आडवा झाला, सात वाजायच्या आत सगळं संपलं. मागे वहिनी, तिसरीतली मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा, आई-वडील आणि तुम्ही. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. मित्र म्हणतायत स्मरणिका काढू, चौकात फ्लेक्स लावू. आई म्हणते पोरांसमोर त्याचं नाव काढू नका. धाकट्याला सांगितलंय पप्पा दुबईला गेलेत. मुलगी वर्षभरात एकदाही पप्पांबद्दल बोललेली नाही. आणि तुम्ही विचारताय की पोरांना बाप आठवत राहावा तर नेमकं करायचं काय.

मी बावीस वर्षं समुपदेशनाच्या कामात आहे, सुरुवात हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात समाजसेविका म्हणून झाली, आणि गेली बरीच वर्षं ज्यांचे आई किंवा वडील गेलेत अशा मुलांसोबतच काम करते. आणखी एक, मी स्वतः सात वर्षांची असताना माझे वडील गेले. त्यामुळे पुढे जे लिहितेय त्यात थोडं शिकलेलं आहे आणि थोडं अंगावर आलेलं.

आधी दुबईचं बघू, कारण ते थांबवायची घाई आहे. मारिया नागी नावाच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मृत्यूबद्दल बोलून १९४८ साली एक अभ्यास छापला होता, तो आजही आमच्या कामात वापरतात. पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलाला मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, परत येता येण्यासारखं. म्हणजे तुमच्या धाकट्याच्या डोक्यात आधीच "पप्पा कुठेतरी गेलेत" हेच चालू आहे, त्यात तुम्ही दुबई घातली की तो वाट बघणार, आणि वाट बघून बघून एक दिवस त्याला वाटणार की पप्पांना मी आवडत नाही म्हणून ते येत नाहीत, फोन पण करत नाहीत. शिवाय शाळेत कोणीतरी पोरगं त्याला खरं सांगणारच, ते थांबवता येत नाही. त्या दिवशी त्याचा बाप जाईलच, पण घरच्यांवरचा विश्वासही जाईल.

"झोपलेत" पण नको. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याला आजोबांबद्दल असं सांगितलेलं, तो तीन आठवडे रात्री झोपेना, आईलाही झोपू देईना, डोळे मिटले की तिला हलवायचा. "देवाला चांगली माणसं आवडतात" हे तर अजिबात नको, एका मुलीने हे ऐकून मुद्दाम वाईट वागायला सुरुवात केली होती. देवाच्या नजरेत येऊ नये म्हणून. घरच्यांना वाटत होतं पोरगी बिघडली.

मग सांगायचं काय? साधं सांगायचं. "पप्पांचं हृदय अचानक बंद पडलं. हृदय बंद पडलं की शरीर चालत नाही, मग भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत पण नाही. पप्पा मेले. ते परत येणार नाहीत. आम्ही तुला दुबई सांगितलं ते खोटं होतं, आम्हालाच खूप रडू येत होतं म्हणून तसं सांगितलं, सॉरी." हे वहिनींनी सांगावं, तुम्ही शेजारी बसा. तो ऐकेल आणि दोन मिनिटांनी म्हणेल, मला बिस्कीट दे. घाबरू नका. लहान मुलांचं दुःख श्रावणातल्या सरीसारखं असतं, आत्ता धो धो आणि पाच मिनिटांत ऊन. तो हाच प्रश्न पन्नास वेळा विचारेल, पन्नास वेळा तेच उत्तर द्यायचं, शब्द पण शक्यतो तेच.

आता मुलीकडे येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं, मरण म्हणजे परत न येणं हे तिला पक्कं माहितीय. ती बोलत नाही याचा अर्थ तिला आठवत नाही असा काढू नका. ती घरातल्या मोठ्यांना सांभाळतेय. पप्पांचं नाव निघालं की आजी पदर डोळ्याला लावते आणि आई स्वयंपाकघरात जाते हे तिने दहा दिवसांत शिकून घेतलंय, आणि आपल्यामुळे कोणी रडू नये म्हणून तिने तोंड मिटलंय. या वयाच्या मुलांच्या मनात तीन प्रश्न हमखास असतात, कोणी विचारो न विचारो. माझ्यामुळे झालं का? आता आईला पण असंच होईल का? आणि माझं कोण बघणार? यातला पहिला सगळ्यात खोल बसतो. आदल्या रात्री तिने हट्ट केला असेल, पप्पा तिच्यावर ओरडले असतील, तिने मनात "जा मेलात तरी चालेल" असं काहीतरी म्हटलं असेल, मुलं म्हणतात हो असं. तिला एकटीला बाहेर घेऊन जा, गाडीवर पुढे बघत बोलणं सोपं जातं, समोरासमोर बसवून नको. "काही पोरांना वाटतं आपल्यामुळे झालं, तुला कधी वाटलं का" एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्याच दिवशी येईल असं नाही.

आता नाव न काढण्याबद्दल. आईंचं मी समजू शकते, ३६ वर्षांचा लेक गेलाय त्यांचा, नाव ऐकलं की कापल्यासारखं होत असेल. पण एक गंमत बघा आपल्याकडची. मराठी पोराच्या नावात बापाचं नाव मधोमध असतं. तुमची पुतणी रोज शाळेत हजेरीला, वहीच्या पहिल्या पानावर, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर, दिवसातून चार वेळा त्याचं नाव ऐकते आणि लिहिते. आयुष्यभर लिहिणार आहे. आणि घरात आलं की ते नाव बंद. म्हणजे पप्पा कागदावर चालतात, ताटावर बसल्यावर चालत नाहीत, असा अर्थ ती लावते.

आमच्या विषयात पण बराच काळ असाच समज होता की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं म्हणजे बरं होणं. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने १९१७ च्या एका निबंधात साधारण असंच मांडलं. पण १९२० मध्ये त्याची स्वतःची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली, आणि नऊ वर्षांनी, ज्या दिवशी तिला ३६ वर्षं पूर्ण झाली असती त्या सुमारास, त्याने मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं की ही जागा कशानेच भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं. पुढे १९९० च्या आसपास अमेरिकेत बोस्टनजवळ ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं अभ्यास झाला, सगळी आई किंवा वडील गेलेली मुलं. त्यात दिसलं की ही मुलं नातं तोडत नाहीत, चालू ठेवतात. मनात बोलतात, ते आपल्याला बघतायत असं समजतात, एखादी वस्तू जवळ ठेवतात. आणि यात आजारपण काही नाही.

आपल्याला खरं तर हे कोणी सांगायला नको. आपल्याकडे दरवर्षी पितृपक्षात तीन पिढ्यांची नावं घेऊन पाणी सोडतात, त्यांच्या आवडीचं पानात वाढतात. दहाव्याला कावळा शिवला नाही की घाटावर काय चालतं आठवा. एकेक जण पुढे येऊन मोठ्याने सांगतो, पोरीचं शिक्षण मी बघतो, दुकान बंद पडू देणार नाही, आईला औषधाचं कमी पडू देणार नाही. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल याचा अख्खं गाव मिळून अंदाज बांधतं. कावळ्याचं तुम्ही काहीही माना, पण त्या दहा मिनिटांत त्या माणसाबद्दल जेवढं खरं बोललं जातं तेवढं नंतर वर्षभर बोललं जात नाही. तेव्हा वर्षश्राद्ध जरूर करा, दोन्ही पोरांना त्यात काहीतरी काम द्या, आणि पानात त्याच्या आवडीचं काय हवं ते पोरीला विचारून ठरवा. तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल बघा.

स्मरणिकेबद्दल. काढा, पण एक अट घाला. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी, हसतमुख, अजातशत्रू हे शब्द बंद. मी अशा पन्नासेक स्मरणिका वाचल्यात, नाव झाकलं तर कोणाची कोणाला पण चालेल. मित्रांना सांगा, विशेषण नको, एक प्रसंग लिही. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून पाठव. आणि प्रश्न बारीक विचारा. "दादा कसा होता" म्हटलं की "देवमाणूस होता" असंच येणार. "चिडला की काय करायचा", "चहा कसा प्यायचा", "दुकानात रेडिओ लावायचा का, कुठलं गाणं आलं की आवाज वाढवायचा", "कोणाला घाबरायचा", "उधारी मागायला लाजायचा का" असं विचारलं की माणूस दिसायला लागतो. शेतकरी उन्हाळ्यात जळालेली मोटार घेऊन आला, पिकाला पाणी द्यायचंय, रात्री अकराला दादा तांब्याची तार गुंडाळत बसलाय आणि तोंडाने वेढे मोजतोय, मध्ये कोणी बोललं की खेकसतोय कारण आकडा चुकला तर सगळं उलगडावं लागतं. असलं काहीतरी. हे मी कल्पनेने लिहिलं, तुम्हाला खरं माहिती असेल. खेकसणं पण लिहा. त्याचा तापटपणा, उसने पैसे परत द्यायचा आळस, जे काय असेल ते. फोटोतल्या देवाला पोरं नमस्कार करतात आणि पुढे जातात. ज्या बापाला राग यायचा, त्या बापासारखा आपल्यालाही राग येतो हे चौदाव्या वर्षी कळलं तर तिला आधारच वाटेल.

हे मी एवढं ताणून का सांगतेय ते सांगते. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर आमच्या घरात त्यांचा उल्लेख "ते" असा व्हायचा, आणि मला जे काही मिळालं ते एवढंच की ते देवमाणूस होते. हार घातलेला एक फोटो होता, तोही जवळजवळ छताला टेकलेला, मान वर करून बघावं लागायचं. मी ४१ वर्षांची असताना मिरजेत एका लग्नात एक म्हातारे ड्रायव्हर भेटले, माझं आडनाव ऐकून त्यांनी हात धरून बसवून घेतलं. म्हणाले, तुझा बाप कुत्र्याला लई भ्यायचा गं. मुक्कामी गाडी असली की रात्री गावात गाडी लावल्यावर जेवायला चालत जायला लागायचं, तर हा मला पुढं घालायचा आणि स्वतः मागनं तिकिटाचा पंच टकटक वाजवत यायचा, म्हणायचा लोखंडाच्या आवाजाला कुत्री भितात. कुत्री उलट जास्त भुंकायची. मी तिथे बुंदीचं ताट हातात घेऊन हसायला लागले आणि मग मला थांबताच येईना, कारण मी स्वतः कुत्र्याला एवढी घाबरते की त्यासाठी रस्ता बदलून जाते, आणि आयुष्यभर त्याची मला लाज वाटत आलेली. ३४ वर्षांत वडिलांकडून मला मिळालेली ती पहिली वस्तू. आणि ते आजोबा त्या लग्नाला आले नसते तर तीही मिळाली नसती. तुमच्या दादाचे दोस्त आत्ता सगळे हयात आहेत, सगळ्यांना आठवतंय. गोळा करायचं ते आत्ताच.

फोटोचं सांगून टाकते. हार घातलेला फोटो देवघराजवळ राहू दे, आईंसाठी. पण अजून एक साधा फोटो, शक्यतो दुकानातला, हात ऑइलने काळे झालेले असा, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. खाली, अगदी धाकट्याचा हात पोचेल इतका खाली. हात लावून लावून काच खराब होऊ दे.

आता फोन. दादाचा फोन कोणाकडे आहे? रिसेट करून कोणाला वापरायला दिला नसाल अशी आशा करते. व्हॉट्सॲप खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करते, त्यामुळे तिकडून आता काही मिळेल न मिळेल, पण जुने व्हॉइस मेसेज फोनच्या मेमरीत फाइल म्हणून असू शकतात, आणि ज्यांना त्याने पाठवले त्यांच्याकडे तर असतीलच. वहिनी, तुम्ही, गिऱ्हाइकं, मेव्हणे, सगळ्यांना आजच मेसेज टाका. गूगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं, तेही आधी उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्ह तुमच्याकडे, एक वहिनींच्या माहेरी. माणूस गेल्यावर सगळ्यात आधी आवाज विसरला जातो असं मला बरीच घरं सांगतात. माझ्या ओळखीच्या एका घरात सात सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज आहे, "अगं दूध एक आणू का दोन, इथं गर्दी आहे लवकर सांग." एवढंच. त्यांचा मुलगा आता अकरावीला आहे, परीक्षेला जाताना ऐकतो तो. लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ आहे त्यांच्याकडे, त्यात बाप हार घालून नुसता उभा आहे, तो कोणी बघत नाही.

दुकानातली हिशेबाची वही टाकू नका. अक्षर असतं त्यात. एक शर्ट न धुता पिशवीत बंद करून ठेवला असेल तर तसाच राहू दे, वहिनींनी ठेवला असणारच, त्यांना विचारू पण नका.

वहिनींबद्दल थोडं. वर्षश्राद्धाला पाहुणे जमणार, तेव्हा कुंकू-मंगळसूत्रावरून कोणीतरी तोंड उघडणार. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. म्हणजे तुमच्याच शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण आहे. काय लावायचं, काय घालायचं हे वहिनी ठरवतील, आणि पाहुण्यांना गप्प करायचं काम तुमचं, त्यांचं नाही. हे आठवणींच्या विषयात का घेतलं, तर पोरगी बघत असते. विधवा म्हणून आईचा अपमान झाला की पोरीच्या डोक्यात बापाची आठवण आणि आईचा अपमान एकत्र शिवले जातात, आणि मग ती दोन्ही टाळते.

आणि "आता काकाच तुझे पप्पा" हे वाक्य कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा, अगदी प्रेमाने म्हटलं तरी. तुम्ही काकाच राहा. पप्पांच्या जागेवर बसलेला काका पप्पांच्या गोष्टी सांगू शकत नाही.

मुलीची झोप, जेवण, शाळा हे सहा महिन्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, किंवा "मला पप्पांकडे जायचंय" असं ती म्हणत असेल, तर वाट बघू नका, माणूस शोधा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मोठ्यांसाठी पण आहे तो.

मोठ्यांसाठी म्हणाले ते मुद्दाम. तुम्ही एवढा मोठा प्रश्न लिहिलात, आई, वहिनी, पोरं सगळ्यांबद्दल, आणि सगळ्यात शेवटी कंसात एक ओळ टाकलीत की सोडा मीच आणून दिला होता. मला वाटतं प्रश्न तिथून सुरू झालाय. हार्ट अटॅक ॲसिडिटीसारखा वाटणं ही रोजची गोष्ट आहे, आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना तो बाकी जगापेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी गाठतो हे २००४ च्या ५२ देशांच्या अभ्यासात दिसलंय, आणि ३६ वर्षांच्या धडधाकट माणसाच्या छातीत जळजळलं तर घरोघरी आधी सोडाच येतो. हे वाचून तुमचं ओझं उतरणार नाही, माहितीय मला. पण पोरीला विचारायचा तो पहिला प्रश्न, माझ्यामुळे झालं का, तो तुमच्याही पोटात आहे, आणि ती तुम्हाला सांगेल की नाही हे तुम्ही तो कोणाला तरी सांगितलाय की नाही यावर बरंच ठरणार आहे. आधी वहिनींना सांगा. कदाचित त्या म्हणतील की मी त्याच्या छातीला बाम चोळत बसले होते.

आज एक दोनशे पानी वही आणा आणि पहिली आठवण तुम्ही लिहा. सोड्याची नको, ती पोरगी मोठी झाल्यावर. दुकानातली लिहा, तुम्ही वेढे मोजताना मध्ये बोललात आणि दादाने पक्कड फेकली होती वगैरे असं काहीतरी असेलच ना. आणि वही कपाटात नको, टीव्हीजवळ ठेवा, शेजारी पेन बांधून.